दृष्टी हिरावतो तो दाब

२०२१ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या घराघरांत बुरशी या शब्दाला एक नवी धास्ती चिकटली. तोवर बुरशी म्हणजे शिळ्या भाकरीवरची किंवा पावसाळ्यात लोणच्याच्या बरणीत डोकावणारी. त्या उन्हाळ्यात करोनातून उठलेल्या माणसाचा गाल सुजू लागला, डोळा पुढे येऊ लागला आणि जीव वाचवायला डोळाच काढावा लागल्याच्या बातम्या रोज येऊ लागल्या. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे देशात म्युकरमायकोसिस या बुरशीरोगाचे ४५,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले होते आणि त्यांत सर्वांत जास्त महाराष्ट्रातले होते. राज्याने या रोगाचा उपचार महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत घेतला, त्यावरच्या अँफोटेरिसिन या औषधाचा तुटवडा पडला तेव्हा वर्ध्यातल्या एका कारखान्यातही त्याचे उत्पादन सुरू झाले. बुरशी डोळा नेते, हे सगळ्यांना कळले. पण दृष्टी नेणारी आणखी एक बुरशी या भागात आधीपासून आहे. ती चेहरा विद्रूप करत नाही, गाल काळा पाडत नाही, म्हणून तिची बातमी होत नाही. तिचे नाव क्रिप्टोकोकस. प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसाच्या मेंदूच्या आवरणात ती वाढते आणि त्याला आठवड्याआठवड्याने आंधळे करत नेते. या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे: या रोगात बहुतेकांची दृष्टी जाते ती डोक्यातल्या पाण्याचा दाब वाढल्याने. तो दाब मोजायला आणि उतरवायला लागते एक सुई, एक नळी आणि काही दिवसांची चिकाटी. ही कामे परभणीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ शकतात, आणि तिथेच ती व्हायला हवीत.

ही बुरशी वैद्यकाला नवीन नाही. १८९४ मध्ये जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड येथे बुसे आणि बुश्के यांनी ती माणसाच्या शरीरात ओळखली आणि त्याच सुमारास इटलीत सान्फेलिचे यांना ती पीच फळाच्या रसात सापडली. कबुतरांच्या विष्ठेत ती जोमाने वाढते, हे पुढे कळले. भारतात दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील एच. एस. रंधावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडांच्या ढोलींतला कुजका भुगा तपासला, तेव्हा जांभळाच्या ढोलीत ती पुन्हापुन्हा सापडली. तिचे भावंड, क्रिप्टोकोकस गॅटी, निलगिरीशी जोडलेले असल्याचे ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये दिसले होते. जांभूळ, निलगिरी आणि कबुतरे नाहीत असे गाव गोदाकाठी शोधूनही सापडणार नाही. म्हणजे हिचे सूक्ष्म कण आपण सगळेच कधी ना कधी श्वासातून आत घेतो. शाबूत प्रतिकारशक्ती त्यांना फुप्फुसात कोंडून ठेवते आणि माणसाला त्याची दादही लागत नाही. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत मोठा वाद झाला आणि त्या निमित्ताने पुष्कळांनी या बुरशीचे नाव पहिल्यांदा ऐकले. दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या माणसाने कबुतरांच्या विष्ठेपासून लांब राहावे हे खरेच, पण तेवढ्याने हा आजार टळेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. रोग उफाळतो तो बुरशी शरीरात शिरल्यामुळे कमी आणि पहारा उठल्यामुळे जास्त. तो पहारा सर्वाधिक वेळा एचआयव्हीने उठतो. त्याखेरीज प्रत्यारोपणानंतरची औषधे, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडे, यकृताचा सिरोसिस, ल्युपससारखे आजार आणि रक्ताचे कर्करोग हीही कारणे आहेत. सांधेदुखीसाठी नाव-गाव नसलेल्या पुड्या वर्षानुवर्षे खाणाऱ्या माणसाच्या पोटात स्टेरॉइड जात असेल, तर आपला पहारा उठतो आहे हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते.

आता मुख्य गोष्ट, दृष्टी जाते कशी. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती स्वच्छ पाणी सतत तयार होत असते आणि तेवढेच पाणी मेंदूच्या वरच्या भागातल्या बारीक गाळण्यांतून रक्तात परत शोषले जाते. डॉक्टर त्याला सीएसएफ म्हणतात, लोक पाठीतले पाणी म्हणतात. क्रिप्टोकोकसच्या प्रत्येक पेशीभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचे जाड, बुळबुळीत कवच असते. काळ्या शाईच्या थेंबात ते पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर प्रत्येक पेशीभोवती खळे पडलेल्या चंद्रासारखे पांढरे वलय दिसते. तेच हे कवच. या कवचाचे तुकडे आणि बुरशीच्या पेशी त्या गाळण्यांत जाऊन बसतात आणि निचरा तुंबतो. येणारे पाणी थांबत नाही आणि जाणारे अडते, म्हणून दाब चढत जातो. निरोगी माणसात तो २० सेंटिमीटर पाण्याच्या आसपास किंवा त्याखाली असतो. या रोगात तो २५ च्या वर जाणे नेहमीचे आहे आणि ४०-५० पर्यंत चढणेही दुर्मीळ नाही. गंमत नव्हे, गंभीर गोष्ट अशी की अडथळा अगदी शेवटच्या टोकाला असल्याने दाब मेंदूच्या आत-बाहेर सारखाच वाढतो, त्यामुळे मेंदूतल्या पोकळ्या फुगलेल्या दिसतीलच असे नाही. सीटी स्कॅनचा अहवाल पुष्कळदा नॉर्मल येतो. डोके फुटेल असे दुखत असताना हातात नॉर्मल अहवाल पडला की घरचे आणि कधी डॉक्टरही निश्चिंत होतात, आणि नेमके तेच दिवस महागात पडतात.

डोळ्याची नस ही खरे तर मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे. मेंदूची आवरणे म्यानासारखी तिच्याभोवती डोळ्यापर्यंत जातात आणि त्या म्यानात तेच पाणी असते. डोक्यात दाब चढला की तो म्यानात उतरतो, नस आवळली जाते, तिच्या तंतूंतली वाहतूक थांबते आणि डोळ्याच्या पडद्यावर नस जिथे शिरते ती चकती सुजते. सुरुवातीला रुग्णाला फक्त वाकल्यावर किंवा उठताना क्षणभर अंधारी येते. मग बाजूचे दिसणे कमी होते आणि शेवटी मधले. याच दाबाने सहावी मेंदूनस ताणली जाते, डोळा बाहेरच्या बाजूला वळेनासा होतो आणि एकाचे दोन दिसू लागतात. एकाचे दोन दिसणे हे या रोगात दाबाचे पहिले निशाण असू शकते, आणि ते दिसू लागल्यावर चष्मा बदलायला जाणे म्हणजे घराला आग लागली असताना खिडकीची काच पुसणे होय.

दृष्टी एकाच वाटेने जात नाही, हे १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या अभ्यासाने स्पष्ट केले. त्यात दोन वेगळ्या तऱ्हा दिसल्या. एका गटात दृष्टी अर्ध्या दिवसाच्या आत गेली. तिथे बुरशीने नसेतच शिरकाव केला असावा किंवा नसेचा दाह झाला असावा. दुसऱ्या गटात ती आठवड्यांच्या हिशेबाने, हळूहळू गेली, आणि तिथे कारण मुख्यतः चढलेला दाब होते. पहिल्या तऱ्हेत हाती फारसे काही राहत नाही. दुसऱ्या तऱ्हेत पाणी काढून किंवा शंट (पाणी वळवणारी नळी) बसवून दृष्टी वाचवता येते. आणखी एक गुंतागुंत लक्षात ठेवायला हवी. कधी नसेभोवतीच्या म्यानात बुरशी इतकी दाटते किंवा आवरणे एकमेकांना अशी चिकटतात की म्यानातले पाणी बाकीच्या पाण्यापासून तुटते. अशा वेळी पाठीत मोजलेला दाब उतरला तरी नसेभोवतीचा उतरत नाही, आणि उलट चकतीला सूज नसतानाही दृष्टी ढासळत असते. म्हणून डोळ्याचा पडदा पाहिला, सूज नाही, तर चिंता नाही, असा निष्कर्ष इथे काढता येत नाही. पडदा पाहणे मात्र आवश्यकच, कारण सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) खालावलेल्या माणसात सायटोमेगॅलो विषाणूमुळे पडद्यालाच जखमा होऊन दृष्टी जाऊ शकते आणि त्याचे औषध निराळे आहे.

मेंदूवरचे बाकीचे परिणाम इतक्या हळू येतात की त्यांना आजार म्हणायला घरच्यांना वेळ लागतो. पहिले दोन-तीन आठवडे फक्त डोकेदुखी, मधूनमधून ताप, ओकारी. मान ताठणे, हे मेंदूज्वराचे सर्वांना माहीत असलेले लक्षण, एचआयव्हीच्या रुग्णांत अनेकदा नसतेच, कारण दाह करायला लागणारी प्रतिकारशक्तीच उरलेली नसते. मग माणूस गप्प होतो, विसरू लागतो, असंबद्ध बोलतो, चिडतो. बाहेरचं काहीतरी आहे, अशी शंका याच टप्प्यावर येते आणि काही मोलाचे दिवस त्यात जातात. ऐकू कमी येणे, झटके, चालताना तोल जाणे, शेवटी शुद्ध हरपणे. जे वाचतात त्यांच्यातही काहींची स्मरणशक्ती आणि कामाचा उरक पूर्ववत होत नाही. ही यादी लांबवता येईल, पण तिच्यापेक्षा महत्त्वाचे आहे ते हे की यांतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट मेंदूच्या क्षयरोगातही घडते.

आपल्याकडचा खरा पेच इथे आहे. भारतात आठवड्यांची डोकेदुखी, ताप आणि पाण्यात वाढलेल्या लिंफोसाइट पेशी म्हटले की क्षयरोग मनात येतो आणि तो यावाच, कारण तो खरोखर इथे अधिक आहे. आक्षेप घेणारे म्हणतील की जिथे टीबी इतका, तिथे आधी टीबीचे उपचार सुरू करून पुढचे पाहावे. या म्हणण्यात व्यवहार आहे, पण एक धोका दडलेला आहे. मेंदूच्या क्षयरोगात टीबीच्या गोळ्यांबरोबर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देण्याची रीत आहे. एचआयव्हीबाधितांच्या क्रिप्टोकोकल मेंदूज्वरात तेच स्टेरॉइड देऊन पाहण्याची चाचणी आशिया आणि आफ्रिकेतल्या सहा देशांत झाली आणि २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष आले. ती मधेच थांबवावी लागली. डेक्सामेथासोन मिळालेल्यांत पाण्यातली बुरशी अधिक संथपणे मरत होती आणि दहा आठवड्यांनी अपंगत्वाविना बरे असलेल्यांचे प्रमाण १३ टक्के होते, तर ते न मिळालेल्यांत २५ टक्के. म्हणजे निदान चुकले तर उपचार नुसता वाया जात नाही, उलटतो. त्यात भर म्हणजे टीबीच्या गोळ्यांतले इथॅम्ब्युटॉल स्वतःच काहींच्या डोळ्याच्या नसेला इजा करते. दिसणे कमी झाले की दोष त्या गोळीवर ढकलला जातो, गोळी बंद होते आणि दाब तसाच चढत राहतो. यावर उत्तर टीबीचा संशय सोडणे हे नाही. पाण्याचा नमुना टीबीसाठी पाठवताना त्याच नमुन्यावर क्रिप्टोकोकसच्या अँटिजेनची पट्टी लावणे, एवढेच आहे. ही पट्टी दहा मिनिटांत उत्तर देते, तिला वीज किंवा यंत्र लागत नाही, आणि शाईच्या तपासणीतून थोडी बुरशी निसटते तशी हिच्यातून सहसा निसटत नाही. पाण्यात पेशी जवळजवळ नॉर्मल आल्या तरी पट्टी लावावी, कारण एड्सच्या रुग्णात पाणी फसवे असते.

स्टेरॉइडच्या बाबतीत एक प्रामाणिक अपवाद नोंदवायला हवा. पापुआ न्यू गिनीमध्ये प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या माणसांना क्रिप्टोकोकस गॅटीचा मेंदूज्वर होतो आणि तिथे १९९७ च्या सुमारास झालेल्या निरीक्षणांत स्टेरॉइडने दृष्टी वाचत असावी असे दिसले. त्या रुग्णांत नसेचे नुकसान शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराने, दाहाने होत होते. तो दाह शमवला तर नस वाचते, हे समजण्यासारखे आहे. पण ज्याच्याकडे प्रतिकारच उरलेला नाही त्याला तेच औषध देणे म्हणजे उरलासुरला पहारेकरीही घरी पाठवणे. एकाच बुरशीकुळाच्या एकाच परिणामावर दोन वेगळ्या शरीरांत दोन उलट उपाय असू शकतात, हे या विषयाचे सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी सांगितले जाणारे वैशिष्ट्य आहे. दाब उतरवायला गोळी द्यावी, ही कल्पनाही तपासून झाली आहे. अॅसिटाझोलामाइडची थायलंडमधली चाचणी रक्तातली आम्लता वाढल्यामुळे थांबवावी लागली. मॅनिटॉल सवयीने दिले जाते, पण या रोगात त्याच्यामागे भक्कम पुरावा नाही. तुंबलेला निचरा औषधाने उघडत नाही. पाणीच काढावे लागते.

पाणी काढणे म्हणजे लंबर पंक्चर. कंबरेच्या मणक्यांतून बारीक सुई घालून आधी दाब मोजायचा, मग साधारण २० ते २५ मिलिलिटर पाणी काढायचे आणि दाब २० च्या खाली किंवा निदान सुरुवातीच्या निम्म्यावर आणायचा. दाब पुन्हा चढला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि तो टिकाऊपणे उतरेपर्यंत रोज. काही रुग्णांना यानेच डोकेदुखी आणि दुहेरी दिसणे तासाभरात कमी झालेले जाणवते. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांच्या २०१४ मधल्या एका विश्लेषणात, सुरुवातीच्या निदानानंतर किमान एकदा तरी पाणी काढलेल्यांत मृत्यू बरेच कमी दिसले, आणि विशेष म्हणजे सुरुवातीचा दाब फार चढलेला नव्हता त्यांच्यातही. हा अभ्यास निरीक्षणाचा होता, चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीचा नव्हे, हे मान्य. पण निचरा तुंबण्याची जी यंत्रणा वर सांगितली तिच्याशी तो तंतोतंत जुळतो, आणि पाणी न काढण्याच्या बाजूने कोणताच पुरावा नाही.

तरी पाणी काढले जात नाही, याची दोन कारणे असतात. एक लोकांच्या मनातले: पाठीतले पाणी काढले की माणूस लुळा पडतो. ही समजूत गावोगाव आहे. ती नुसत्या अज्ञानातून आलेली नाही. अत्यवस्थ होईपर्यंत ही तपासणी टाळली गेली आणि तिच्यानंतर माणूस दगावला, तर दोष सुईच्या माथी येणारच. मज्जारज्जू कंबरेच्या वरच्या भागातच संपतो आणि सुई त्याच्या बरीच खाली घातली जाते, ही साधी शरीररचना संमतीच्या कागदावर सही घेताना बोलून दाखवली, तर नातेवाईक ऐकतात. दुसरे कारण डॉक्टरांच्या मनातले आहे आणि त्याला अधिक वजन आहे. मेंदूत गाठ असेल, एका बाजूला दाब असेल आणि खालून पाणी काढले, तर मेंदू खाली सरकून जीव जाऊ शकतो. म्हणून आधी सीटी, मग सुई. हात-पाय एका बाजूने लुळे असतील, झटके येत असतील किंवा शुद्ध हरपत असेल तर हा क्रम बरोबरच आहे, आणि रक्त गोठण्यात बिघाड असेल तर थांबणेही बरोबर. पण क्रिप्टोकोकसमध्ये दाब सगळीकडे सारखा असतो, त्यामुळे मेंदू सरकण्याचा धोका कमी असतो आणि पाणी न काढण्याचा धोका मात्र नक्की असतो. सहाव्या नसेच्या दुबळेपणाला एका बाजूच्या गाठीचे लक्षण समजण्याची चूकही टाळायला हवी. ती नस नुसत्या दाबानेही दुबळी होते. मोजण्याची नळी नाही, ही सबबही टिकत नाही. सलाईनच्या निर्जंतुक नळीचे टोक सुईला जोडून ती उभी धरली आणि बाजूला मोजपट्टी लावली, तरी चढलेला दाब कळतो. आफ्रिकेतल्या अनेक रुग्णालयांनी असेच भागवले आहे.

परभणीच्या नकाशावर हे सगळे ठेवून पाहिले की दिवसांचे मोल कळते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ आहे आणि तालुके नऊ. जिंतूर, पालम किंवा सोनपेठच्या एखाद्या वाडीतून डोकेदुखीचा रुग्ण आधी गावच्या डॉक्टरकडे, मग तालुक्याला, मग परभणीला पोहोचतो. तिथून पुढे नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय. प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन दिवस गेले, तर हळू जाणारी दृष्टी या प्रवासातच संपलेली असते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची गोष्ट आणखी अवघड. दसऱ्यानंतर कोयता घेऊन जोडपे निघाले की पुढचे पाच-सहा महिने फडावर जातात, एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या मधेच संपल्या तर तिथे त्या कुणाकडे मागायच्या आणि मागताना काय सांगायचे, हा प्रश्न पडतो. गोळ्या तुटल्या की सीडी४ उतरतो आणि हा मेंदूज्वर नेमका तिथे गाठतो. परभणीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढे पाठवायचे ठिकाणच आता जवळ आले आहे, आणि हा आजार पहिल्या दिवशीच ओळखण्याची सवय लावायला नव्या महाविद्यालयाइतकी योग्य जागा दुसरी नाही.

यावर एक रास्त प्रश्न येतो. एआरटी २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळते, २०१७ पासून सीडी४ कितीही असला तरी निदान होताच उपचार सुरू होतात, मग हा आजार आता उरला आहे का? उरला आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार २०२० या एका वर्षात एचआयव्हीबाधितांत क्रिप्टोकोकल मेंदूज्वराचे सुमारे १,५२,००० रुग्ण झाले आणि १,१२,००० मृत्यू. एड्समुळे होणाऱ्या दर पाच मृत्यूंतला जवळजवळ एक याने होतो. २०२२ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने घातक बुरशींची पहिली यादी काढली आणि सर्वोच्च गटातल्या चार नावांत क्रिप्टोकोकस निओफॉर्मन्सला जागा दिली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या अंदाजात देशातले सर्वाधिक एचआयव्हीबाधित महाराष्ट्रात आहेत, सुमारे ३.९४ लाख. त्यांतले बहुतेक औषधावर नीट जगत आहेत आणि त्यांना हा आजार होणार नाही. होतो तो उशिरा निदान झालेल्यांना, औषध सुटलेल्यांना आणि एचआयव्हीशी संबंध नसलेल्या पण स्टेरॉइडांवर वा प्रत्यारोपणाच्या औषधांवर असलेल्यांना. रोग कमी झाला की तो ओळखणारे डोळेही कमी होतात, त्यामुळे आजचा रुग्ण १५ वर्षांपूर्वीच्या रुग्णापेक्षा उशिरा ओळखला जाण्याची भीती अधिक आहे.

शिवाय हा असा विरळा मेंदूज्वर आहे की जो डोके दुखण्याआधी रक्तात दिसतो. युगांडातल्या २००२ च्या अभ्यासात लक्षणे येण्याच्या सरासरी तीन आठवडे आधीच रक्तात अँटिजेन सापडले, काहींत १०० दिवसांहूनही आधी. म्हणून सीडी४ १०० च्या खाली असलेल्या प्रत्येकाची, आणि शक्य तिथे २०० च्या खाली असलेल्यांचीही, ही तपासणी करावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अँटिजेन सापडले पण लक्षण नाही, तर पाठीतले पाणी तपासून, ते स्वच्छ असल्यास फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या सुरू करता येतात, आणि फ्लुकोनॅझोल आपल्याकडे तालुक्याच्या औषध दुकानातही मिळते. टांझानिया आणि झांबियात अशी तपासणी आणि पहिल्या काही आठवड्यांत घरी जाऊन केलेला पाठपुरावा, या दोहोंमुळे मृत्यू सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१५ मध्ये दिसले. घरी जाऊन पाठपुरावा करणे हे काम आशाताई आणि एआरटी केंद्राचे समुपदेशक आधीपासून करत आले आहेत. एक पट्टी वाढवायची आहे.

औषध महाग आणि विषारी, हा शेवटचा आक्षेप. जुने अँफोटेरिसिन मूत्रपिंडाला झळ पोहोचवते, पोटॅशियम उतरवते, रक्त कमी करते, आणि दोन आठवडे रोज शिरेतून द्यावे लागे. इथे महाराष्ट्राचा एक मोलाचा वाटा आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी लायपोसोमल अँफोटेरिसिनचा भारतीय प्रकार विकसित करण्यात पुढाकार घेतला. त्यात औषध चरबीच्या सूक्ष्म थेंबात गुंडाळलेले असते आणि मूत्रपिंडावरचा ताण कमी होतो. २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या पाच देशांतल्या चाचणीने दाखवले की लायपोसोमल अँफोटेरिसिनचा एकच मोठा डोस, सोबत दोन आठवडे फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या, हे जुन्या उपचाराच्या तोडीचे आहे: दहा आठवड्यांतले मृत्यू २४.८ टक्के, जुन्या पद्धतीत २८.७. एकदा शिरेतून आणि मग गोळ्या, हे जिल्हा रुग्णालयालाही झेपणारे आहे. अडचण फ्लुसायटोसिनची. १९५७ मध्ये तयार झालेले हे औषध भारतात वर्षानुवर्षे सहज मिळत नव्हते. मागणी कमी म्हणून पुरवठा नाही आणि पुरवठा नाही म्हणून डॉक्टर लिहीत नाहीत, हे चक्र सरकारी खरेदीनेच तुटेल. २०२१ मध्ये अँफोटेरिसिनसाठी जी धावपळ काही आठवड्यांत झाली, तिचा दहावा हिस्साही याला पुरे. एक सावधगिरी मात्र या औषधांइतकीच महत्त्वाची. मेंदूज्वर सापडल्यावर एआरटी लगेच सुरू करायची नसते. २०१४ च्या चाचणीत ती एक-दोन आठवड्यांत सुरू केलेल्यांत २६ आठवड्यांतले मृत्यू ४५ टक्के होते, पाच आठवडे थांबलेल्यांत ३०. अचानक जागी झालेली प्रतिकारशक्ती बंद कवटीत दाह माजवते, आणि त्याचा फटका डोळ्याच्या नसेलाही बसू शकतो.

गेलेली दृष्टी परत येते का, याचे सरळ उत्तर असे की नस सुकली तर नाही. ती सुकण्याआधी दाब उतरला तर पुष्कळदा काही अंशी येते. रोजच्या लंबर पंक्चरने दाब हटत नसेल तर शंट, आणि दाब उतरूनही दिसणे ढासळत असेल तर नसेच्या म्यानाला छेद देऊन तिथल्या पाण्याला वाट काढून देणे, हे पुढचे उपाय नांदेड, संभाजीनगर किंवा मुंबई-पुण्यात होतील. तिथे पाठवायलाच हवे. पण पाठवण्याच्या चिठ्ठीवर सीडी४ किती, अँटिजेनची पट्टी काय म्हणाली आणि पाठीतल्या पाण्याचा दाब किती सेंटिमीटर, हे तीन आकडे परभणीतच लिहिलेले असावेत, आणि दाब चढलेला असेल तर पाणी परभणीतच काढलेले असावे. तुमच्या घरात कुणी एआरटीच्या गोळ्यांवर असेल, मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेले असेल किंवा बरेच महिने स्टेरॉइड चालू असेल, आणि त्याचे डोके आठवडाभर दुखत असेल, एकाचे दोन दिसत असतील किंवा वाकल्यावर अंधारी येत असेल, तर चष्म्याच्या दुकानाऐवजी जिल्हा रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना एवढेच विचारा: पाठीतल्या पाण्याचा दाब मोजला का?